तीन जागा, तीन फॉर्म

मी चौथी शिकलेली. अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा दुभाष्या घेऊन मराठीतून दिली आणि पास झाले. मतदाराचं कार्ड पोस्टाने आलं तेव्हा ठरवलं, मरायच्या आधी इथे एकदा मत द्यायचं.

पहिली निवडणूक आली ती पाण्याची. फ्रिस्को शहराच्या पुढे आम्ही राहतो तिथे नळ, सांडपाणी, पावसाच्या पाण्याची तळी शहराकडे नाहीत. त्यांचं वेगळं मंडळ आहे, पाच जणांचं. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला मड म्हणतात. मला आधी मढंच ऐकू आलं. तीन जागा निघाल्या होत्या आणि सुनेने फॉर्म भरला. पत्रक नाही, कुणाच्या दारात जाणं नाही. मी मात्र मुलाला विचारत होते, मत कुठे द्यायचं, कधी निघायचं.

एके दिवशी तो म्हणाला, "आई, इलेक्शन कॅन्सल केलं."

"मग ही पडली?"

"नाही, जिंकली."

मला वाटलं चेष्टा करतोय. तीन जागांना तीनच फॉर्म आले म्हणून मतदान नाही, असं त्याने सांगितलं. बिनविरोध मला कळतं. आमच्या गावात त्यासाठी आठवडाभर एकेकाला बसवावं लागायचं, कुणी रुसायचं, कुणाच्या पाया पडायचं. इथे कुणाला बसवलंच नव्हतं, कारण या तिघांशिवाय उभंच कुणी राहिलं नव्हतं. एवढी मोठाली घरं, आणि पाण्याबद्दल कुणाला काहीच म्हणायचं नाही?

जेवताना सुनेने विचारलं, "आई, मला मत दिलं असतं ना?"

"नसतं दिलं. मशीनमध्ये लावायची भांडी तू आधी नळाखाली धुतेस."

ती म्हणाली, "मग माझ्याविरुद्ध फॉर्म भरायचात."

"मला भरता येतो?"

"येतो. दोन वर्षांनी उरलेल्या दोन जागा निघतील."

पण मी भरला आणि दुसरं एकच कुणी आलं, तर परत कॅन्सल. मला मत द्यायचंय, म्हणजे दोन जागांना तीन माणसं हवीत, माझ्याशिवाय आणखी दोन. आधी समोर राहणाऱ्या नागपूरच्या मुलीला विचारलं, माझ्याविरुद्ध उभी राहशील का.

"काहीतरीच काय मावशी," ती म्हणाली. "मी तुम्हालाच मत देईन."

हिला कसं समजवायचं, ते मला अजून कळलेलं नाही.