मिस्त्रींचं एक खडबडीत काम

मिस्त्री कुठेही गेले की आधी भिंतीवरून तळहात फिरवत. चहाच्या दुकानात, घोडेगावच्या आमच्या सरकारी ऑफिसात, एकदा तर माझ्या घरी, बायकोसमोर. मग तोंड वाकडं करून विचारत, "कुनी केलंय राव हे?" तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, तर माझा वैताग तुम्हाला वेगळा सांगायला नको.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आंबेगावच्या डोंगरातल्या एका जुन्या बंधाऱ्याचं काम माझ्याकडे आलं. तो बांधल्यापासून पावसाळ्याच्या तोंडाला अंडी घालायला ओढ्याने वर निघालेले चढणीचे मासे भिंतीला धडकून मागे फिरत. वरच्या वाडीच्या ओढ्यात मासाच उरला नव्हता. बंधाऱ्याच्या कडेने माशांसाठी दगडी पायऱ्या करायचं ठरलं आणि गवंडी म्हणून जुन्नरहून हे मिस्त्री आले.

मी दहा वेळा बजावलं, "पायऱ्या खडबडीत ठेवा. पाणी अडखळलं तरच मासा दम खाईल आणि चढेल. गिलावा अजिबात नको."

"न्हाई सायेब."

दोन दिवस मीटिंगला गेलो. परत येतो तर पायऱ्या वरपासून खालपर्यंत सिमेंटने घोटलेल्या! मी डोक्याला हात लावला.

"अहो, हे काय केलंत?"

"हात फिरवल्याबिगर काम सोडायचं न्हाई, अब्बांनी शिकवलंय."

"त्यावरून मासे चढायचेत, मिस्त्री!"

"तेच म्हनतो. खडबडीत आसलं तर त्यांच्या पोटाला खरचटंल की."

आता या माणसाला काय सांगणार? गिलावा फोडायच्या आत पाऊस लागला आणि ओढा वाहू लागला.

वाडीतली माणसं काठावर जमली. मासे आले. पहिल्या पायरीवर उडी मारायचे आणि घसरून खाली पडायचे. पुन्हा उडी, पुन्हा खाली. एक म्हातारी हळूच म्हणाली, "आवंदाबी न्हाई यायचे." मी सगळ्यांदेखत मिस्त्रींना वाट्टेल ते बोललो. त्याची मला अजून लाज वाटते.

मिस्त्रींनी कमरेला दोर बांधला, त्याचं टोक झाडाला बांधलं आणि छिन्नी-हातोडा घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले. "वर या!" मी ओरडत होतो.

"वरडू नगा सायेब, ध्यान जातं."

दुपारपर्यंत त्यांनी आपलाच गिलावा छिन्नीने टाचून पायऱ्या खडबडीत केल्या. मग एक मासा पहिल्या पायरीवर टिकला, दुसरीवर गेला, आणि बघता बघता बंधाऱ्याच्या वर निघून गेला. म्हातारीने मिस्त्रींना हात जोडले.

मी कौतुक करायला गेलो तर माझ्यावरच चिडले. "माझं नाव सांगू नगा कुनाला. आसलं काम मी करत न्हाई." पुढे जुन्नरच्या बाजारात सांगत फिरायचे, की सायबानं चांगलं काम बिघडवून घेतलं. मी शब्द दिला होता, म्हणून इथेही त्यांचं नाव लिहीत नाही.

ते वारल्याचं कळलं त्या उन्हाळ्यात मी बंधाऱ्यावर गेलो. ओढा कोरडा होता. पायऱ्या त्यांनी टाचल्या तशाच होत्या. फक्त अगदी वरच्या कठड्यावर, जिथे ना पाणी पोचतं ना मासा, तिथे हातभर जागा सुरेख घोटलेली होती. कधीतरी गुपचूप येऊन केलेली. सरकारी कामात, मला न विचारता! मी चिडलोच. मग खाली बसलो आणि त्यावरून तळहात फिरवला. कुठे एक खडा लागला नाही.