औषधाची साय

मरोळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा बिऱ्हाडं होती आणि आमच्या कुत्र्याच्या पोटाबद्दल सोळाही घरांना मत होतं. ऐंशीच्या दशकातले ते दिवस आठवले की मला अजून त्या सोळा घरांचा राग येतो. एका घराचा जरा जास्तच येतो, पण त्याच्याकडे नंतर येते.

कुत्रा खरं म्हणजे बाबांचा. त्यांची गिरणी बंद पडली ती उघडलीच नाही. तीस वर्षं साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, उभा राहिलेला माणूस दोन खोल्यांत बसून राहिला. आई आधीच गेलेली. मग एक दिवस जिन्याखालचं तांबडं पिल्लू त्यांच्या मागोमाग वर आलं आणि राहिलं. बाबा माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलत, त्याच्याशी शंभर, आणि तीही मालवणीत. जेवायला बसले की पहिला घास ताटाच्या कडेला काढायचा आणि स्वतःच्या हाताने त्याला भरवायचा, हा त्यांचा नेम. गावी तो घास गाईला जायचा. मरोळला गाय कुठून आणायची?

दोन वर्षांचा झाल्यावर कुत्र्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. खायचा राक्षसासारखा आणि व्हायचा काडीसारखा. शी पिवळट, तेलकट, ढीगभर, आणि बहुतेक वेळा जिन्यात. पाणी ओतून ओतून माझे हात सोलवटले. सोसायटीच्या चिटणिसांनी वर येऊन समजुतीच्या सुरात सांगितलं, "माहुलच्या कोळीवाड्यात नेऊन सोडा. मासळीवर जगेल." हा माणूस स्वतः मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावायचा, पण कुत्र्याच्या आहाराची सोय त्याला बरोबर सुचली. बाबा कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माहुलला सोडलेला आजारी कुत्रा आठवडाही काढणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

पहिल्या मजल्यावरचे काका ट्रॉम्बेला अणुकेंद्रात होते. तिथे ते भांडारातली टेबलं-खुर्च्या मोजत, पण बोलायचे असे की अणू यांनीच फोडला. त्यांचं निदान होतं, "उष्णता!" कशाचीही उष्णताच. तळमजल्यावरच्या मावशी दत्ताच्या भक्त. दर गुरुवारी दूध-पोळीचा काला करून कुत्र्यांना घालायच्या. चार कुत्रे म्हणजे चार वेद, असं त्या मला ऐकवायच्या. मी म्हटलं, "मावशी, आमचा पाचवा आहे, त्याला जुलाब होतात." तेव्हापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या, ते बरंच झालं.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या गोळ्यांतल्या फुटक्या, डागाळलेल्या वेचून काढायचं माझं काम. पण डोक्यावर पांढरी टोपी असायची, त्यामुळे मला वाटायचं की या बिल्डिंगमध्ये विज्ञान म्हणून काही असेल तर ते मीच.

शेवटी जोगेश्वरीच्या तबेल्यांजवळ बसणाऱ्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचं सगळं आयुष्य म्हशींत गेलेलं. पायात गमबूट, अंगाला शेणाचा वास. हा काय सांगणार, असं मी ओठांवर आणलं नाही एवढंच. त्यांनी कुत्र्याचं पोट दाबलं, मी डब्यातून नेलेली शी पाहिली आणि म्हणाले, "याला स्निग्ध पचत नाही. जन्मभर पचणार नाही. तूप, तेल, लोणी, चरबी, थेंबही नको. मऊ भात, कातडी काढून उकडलेली कोंबडी, लाल भोपळा. थोडं थोडं, दिवसातून चारदा. सकाळ-संध्याकाळ खाण्याआधी ही पाचक गोळी. असाच उतरत गेला तर महिना-दीड महिना काढेल."

कुत्र्याला तूप पचत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. तेवढ्यासाठी जोगेश्वरी गाठली म्हणून मी रिक्षात चरफडत होते. पण घरी येताच कागदावर मोठ्या अक्षरांत नियम लिहिले आणि भिंतीवर चिकटवले. सकाळी पाचला उठून भोपळा उकडायचा, कोंबडीच्या पाण्यावरचा तवंग चमच्याने काढून टाकायचा, चार वाट्या भरून ठेवायच्या. दुपारच्या दोन बाबा घालत. दर रविवारी कुत्र्याला पोत्यात घालून रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवायचं. पहिल्या रविवारी चौदा किलो. पुढच्या रविवारी साडेतेरा, त्याच्या पुढच्या रविवारी तेरा.

माझं काही चुकत असेल, हे माझ्या मनालाही शिवलं नाही. चूक ही बिल्डिंगची वस्तू होती, माझी नव्हे. कोणीतरी चोरून घालतंय, दुसरं काय?

आधी मावशींना गाठलं. काल्याची वाटी त्यांच्या हातातच होती. "दत्ताच्या नावाखाली माझ्या कुत्र्याला मारताय," म्हटलं. त्या रडायला लागल्या. मला अजिबात वाईट वाटलं नाही. मग काकांना विचारलं की बिस्किटं घालता का. ते म्हणाले, "मी सायंटिफिक माणूस आहे." पुढच्या रविवारी काटा साडेबारावर थांबला. आता उरले बाबा.

त्या दिवशी दुपारी बाबा जेवून उठले होते. सुक्या बोंबलाचं कालवण होतं, मीच केलेलं. कुत्रा त्यांच्या पायाशी मिशा चाटत बसलेला.

"बाबा, त्याला बोंबील घातलात?"

"नाय गो. भोपळो खाल्ल्यान तेणी."

"हात दाखवा."

तीस वर्षं सूत हाताळलेला तो हात त्यांनी माझ्यापुढे धरला आणि मी तो हुंगला. आजही लिहिताना लाज वाटते. बापाची बोटं मी कुत्र्यासारखी हुंगली. बोटांना बोंबलाचाच वास येणार होता. माणूस बोंबील जेवला होता. पण मला पुरावा मिळाला. "हे बघा," मी म्हटलं, "तुम्हाला त्याचा जीव घ्यायचाय का? आजपासून तुम्ही त्याला काही म्हणजे काही घालायचं नाही. घासबीस सगळं बंद. दुपारच्या वाट्या शेजारच्या वहिनी घालतील."

"मी एक घास घालूक नाय," ते म्हणाले. एकदाच म्हणाले.

त्या दिवसापासून जेवताना ते मधलं दार लावून घ्यायचे. कुत्रा दाराबाहेर फटीला नाक लावून बसायचा. दार लावलेल्या खोलीतून एक शब्द ऐकू यायचा नाही. घरात शिस्त आली, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी बारा किलो. मी कुत्र्याला उचलून जोगेश्वरीला नेलं. आता तो उचलण्याइतकाच उरला होता. डॉक्टरांना म्हटलं, "घरात कोणावर भरवसा ठेवायची सोय नाही. सगळे चोरून घालतात."

"तुम्ही काय घालता?"

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

"आणि गोळी कशातून देता?"

"सायीतून. कडू आहे ना, नुसती घेत नाही. सायीत गुंडाळली की पटकन गिळतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कसली साय?"

"म्हशीच्या दुधाची. चमचाभर, दोन वेळा."

ते हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, साय म्हणजे लोणीच. घुसळलेलं नाही इतकंच."

मी चक्क वाद घातला. "पण ती औषधाला असते." बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. आमच्या घरात औषधाने उपास मोडत नाही. निर्जळी एकादशीलाही आजी मधातून मात्रा चाटायची, तुपातून चूर्ण घ्यायची, आणि उपास शाबूत. औषधाबरोबर जे पोटात जातं ते खाणं नव्हेच, हे मी तिच्याकडून इतकं गिळलं होतं की भिंतीवर 'लोणी नाही' लिहिलेल्या कागदाखाली उभी राहून मी रोज दोनदा त्याला सायीचा गोळा भरवत होते. मावशींचा काला गुरुवारचा. माझा रोजचा. काकांना आणि मावशींना मी अडाणी म्हणायचे. पांढऱ्या टोपीखाली काय होतं ते त्या दिवशी कळलं. ज्या एका घराचा राग जास्त येतो म्हटलं, ते आमचंच.

गोळी भोपळ्यात कुस्करून द्यायला लागले. त्याने तक्रार केली नाही. साय त्याने मागितलीच नव्हती, ते लाड माझे होते. तीन रविवारांत काटा वर सरकला, दोन महिन्यांत कुत्रा पंधरा किलोंवर गेला आणि जिना कोरडा राहायला लागला. चिटणीस म्हणाले, "माझं ऐकलंत ना!" काय ऐकलं ते त्यांनाच ठाऊक.

मावशींकडे जाऊन मी माफी मागितली. ते सोपं गेलं, कारण त्या परत रडल्या आणि मला काला खायला लावला. बाबांना मात्र मी दारातूनच सांगितलं, "ती साय होती, बाबा. माझीच चूक होती." ते "बरा" म्हणाले आणि पेपर वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटाशेजारी मऊ भाताची वाटी ठेवली, मधलं दार उघडं टाकलं आणि म्हटलं, "घाला ना त्याला घास." कुत्रा त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला होता. बाबांनी वाटीतला घास केला, ताटाच्या कडेला ठेवला आणि हात मागे घेतला.

"तू घाल गो," ते म्हणाले. "माझ्या हातान नको."

त्यानंतर कुत्रा सात वर्षं जगला. रोज बाबा घास काढून कडेला ठेवायचे, आणि त्यांच्या गुडघ्याशी बसलेल्या कुत्र्याला तो भरवायला मी स्वयंपाकघरातून उठून यायचे.