तिसरं बोट

माझं तोंड मिटत चाललंय, हे मला तेरच्या बाजारात पाणीपुरी खाताना कळलं. पोरीनं हौसेनं पुरी पुढं केली, मी आ केला आणि पुरी दातावरच फुटली. सगळं पाणी शर्टावर. पोरगी खळखळून हसली. मीही हसलो, पण दुसरी पुरी घेतली नाही.

मी ढोकी-तेर-धाराशिव काळी-पिवळी जीप चालवतो. गाडी भरेपर्यंत "चला धाराशिव, धाराशिव" ओरडायचं आणि गाल गुटख्यानं भरलेला ठेवायचा, ही माझी वीस वर्षांची रीत. दिवसाला पंधरा पुड्या सहज. कुणी समजवायला आलं की त्याच्यावरच डाफरायचो, "तुझ्या बापाचं खातो का रं?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला माझीच बोटं तोंडात घालायला लावली. चांगल्या तोंडात एकावर एक तीन बोटं शिरतात म्हणे. माझं एक शिरलं, दुसरं अडकलं.

"पुडी आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "आईस्क्रीमच्या चपट्या काड्या आणा. दाढांमध्ये एकावर एक ठेवायच्या, दिवसातून चार वेळा. जमेल तशी एकेक वाढवा. दोन महिन्यांत फरक पडला नाही तर ऑपरेशन. आणि पुडी चालूच राहिली तर तेही वाया जाईल. मग नळीनं जेवायचं."

नळीनं!

घरी बायकोनं सगळं हातात घेतलं. तिखट बंद. भाकरी दुधात कुस्करून तिचा लगदा करून द्यायची. रोज सकाळी अंगणात बसवून माझ्या तोंडात काड्या मोजायची. पहिल्या दिवशी दहा. कानशिलं ठणकायची, डोळ्यांतून पाणी यायचं. पंधरा दिवसांनी बारा झाल्या तेव्हा तिनं देवापुढं साखर ठेवली.

आणि मी? मी पुड्या खातच होतो. जीपच्या सीटखाली, पाने-पकडीच्या डब्यात लपवून. पंधराच्या दोनवर आलो म्हणजे लई मोठा तीर मारला, असं वाटायचं. दोनाच्या चार कधी झाल्या, कळलं नाही. घरी जायच्या आधी हापशावर चुळा भरायच्या, वर बडीशेप चावायची.

मग काड्या उलट्या फिरल्या. अकरा. दहा. एके सकाळी नवालाच मी कळवळलो.

"अवो, असं कसं?" बायको घाबरून म्हणाली. "तुमी तर सगळं करताय!"

मी काड्या धुवायला उठलो. तिनं सोमवार धरले.

दोन महिन्यांनी पुन्हा दवाखाना. बाईंनी तोंड बघितलं आणि विचारलं, "पुडी सोडली ना?" मी मान हलवली. तशी बायको उसळली.

"कवाच सोडली! रोज म्या माझ्या हातानं काड्या घालते. तुमच्या इलाजातच राम न्हाय. गरिबाला कायबी सांगता व्हय?"

बाहेरचे पेशंट दारातून डोकवायला लागले. बाई चिडल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. टेबलावर ऑपरेशनचा कागद होता. वाटलं, सही करावी आणि सुटावं. बायको माझ्यासाठी भांडत होती, चारचौघांत खोटी पडत होती, आणि ते फक्त मला माहीत होतं. लाज वाटली, लई लाज वाटली.

"म्या खातोय," मी म्हणालो.

तोंड धड उघडत नव्हतं. शब्द दातांतच राहिले. "काय म्हनताय?" बायकोनं विचारलं. ते मला पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. "पुडी खातोय म्या. रोज. बाईंची चूक न्हाय."

ती खाली बसली. बाईंनी कागद बाजूला सारला आणि मला एक महिना दिला.

जीपपाशी येऊन मी डब्यातल्या सगळ्या पुड्या गटारीत टाकल्या. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. काड्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. "तुमचं तोंड हाय. तुमीच मोजा."

पहिला आठवडा उगाच पॅसेंजरवर खेकसायचो. स्टँडवर काड्या दाढेत धरूनच उभा राहायचो, तर बाकीचे ड्रायव्हर खिदळायचे, "काय, तोंडाला कुंपण घातलं का?" हसा लेको! रोजचा आकडा काचेवरच्या, ऊन अडवायच्या झापेवर पेनानं लिहायचो. नवाचे दहा झाले, मग कितीतरी दिवस दहाच. दहाचे अकरा करून टाकावेत, असा मोह लई व्हायचा. लिहिणारा मीच, बघणारा मीच. पण दहाच लिहिले.

महिन्याअखेरीला बारा झाल्या, ऑपरेशन पुढं गेलं. बाईंनी ठरवून दिलेल्या सतरा व्हायला आणखी आठ महिने लागले.

त्या दुपारी घरी आलो तेव्हा बायको भाकरी थापत होती. इतक्या महिन्यांत तिनं काड्यांबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. तिच्यासमोर बसलो. "बघ की जरा."

तिनं तव्यावरची भाकरी उतरवली. मग पिठाचा हात धुतला आणि माझ्या तोंडात बोटं घातली. एक. दुसरंही शिरलं. तिसरं दातावर अडलं. ते आता कधीच शिरणार नाही, हे बाईंनी सांगितलंच होतं.

"पुडी सोडली, खरं न्हवं?" तिनं विचारलं.

"खरं."

तिनं ताट वाढलं. भाकरी कुस्करलेली नव्हती, अख्खी होती. ती मोडायचं माझं मनच होईना.