ट्रॅक्टरचा खोकला

इंजिन चालू केलं की धर्माकाका इंजिनाकडे बघायचेच नाहीत. तळहात बॉनेटवर आणि नजर घराच्या ओट्यावर. तिथे सोनुकाकी तांदूळ निवडत असायची. जन्मभर त्या जुन्या ट्रॅक्टरच्या धडधडाटात काकांचे कान गेलेले, म्हणून आवाज ऐकायचं काम काकीचं. तिने मूठ तोंडाशी नेली की ट्रॅक्टर अजून खोकतोय. काका लगेच इंजिन बंद करून पाना उचलायचे.

नव्वदच्या आसपास आम्ही गिरगावातून बेव्हर्ली पार्क या नव्या वसाहतीत, काकांच्या शेजारी, राहायला आलो. एका रविवारी मी तणतणत काकांच्या घरी गेलो आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर टेकलो.

"ऊठ, सायेब! ती बाईची जागा हाय." याच मडगार्डवर बसून काकी राई या तिच्या माहेरच्या गावाहून नवरी होऊन आली होती.

"आवाज फार होतो, काका!" मी कानाशी ओरडलो.

"तुझा हॉल हाय ना, थितं माझं खाचर व्हतं. मी केली का कवा तक्रार?"

मी रॉकेलमध्ये नटबोल्ट धुवायचं काम पत्करून परतलो. बायको म्हणाली, "मिक्सर उघडलात तेव्हा तीन स्क्रू उरले होते, ते काकांना सांगितलंत ना?"

मग माझे सगळे रविवार तिथेच. शेत उरलं नव्हतं, मग ही खटपट कशाला? काका म्हणायचे, "बाईला येकदा राईला न्ह्यायची. आली तशीच."

"खोकत खोकत माह्यारी?" काकी हसायची. "लोकं हसतील. साफ करा, मंग पदर खोचून बसते."

आम्ही नोझल बदललं, पंप उघडला, लाल रंग दिला. त्या थंडीत इंजिन छान चालतंय असं मला वाटायचं. पण मला मिक्सरही छान वाटला होता. काकीची मूठ तोंडाशी जातच होती. काका पुन्हा पुन्हा इंजिन उघडत होते.

एकदा बायको मला जेवायला बोलवायला आली. ओट्याजवळ थबकली आणि त्या धडधडाटात किंचाळली, "अहो, ट्रॅक्टर नाही, काकी खोकतायत!"

काकांनी इंजिन बंद केलं. खोकला चालूच राहिला.

छाती पार भरली होती. हॉस्पिटलातून काकी परत आली नाही.

दिवसकार्य झाल्यावर काकांनी मला बोलावलं. हँडल मारलं. इंजिन एकसुरी चालू लागलं. मडगार्ड पुसलेलं होतं. तळहात बॉनेटवर ठेवून काका ओट्याकडे बघत राहिले. बराच वेळ.

"मूठ न्हाय उचलली," ते म्हणाले. "म्हंजे साफ हाय."

त्यांनी इंजिन बंद केलं. तो ट्रॅक्टर पुन्हा कधी चालू झाला नाही.