कापसाची केबिन

लग्नानंतर दोन वर्षांनी पिंप्राळ्यात, घराच्या पुढच्या खोलीत, मी एसटीडी बूथ सुरू केला. टेबलावर फोन, शेजारी मीटर, समोर बाकडं. एक जण बोलायचा आणि बाकड्यावरचे सगळे ऐकायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसावं, असा माझा समज होता.

गल्लीतल्या एक अक्का दर रविवारी सुरतेला दिलेल्या लेकीला फोन करत. "बठ्ठं बरं शे," म्हणजे सगळं बरं आहे, एवढं बोलून ठेवून देत. एका रविवारी फोन ठेवल्यावर त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग बाकड्यावरच्या लोकांकडे बघत हळूच मला म्हणाल्या, "पोर रडी राहिनी व्हती. इतला लोकस्मा काय इचारू?"

मी घरात जाऊन सासऱ्यांना सांगितलं. आबा जन्मभर सुतारकाम केलेले. विचार करून म्हणाले, "गादीत तोंड घालून बोललं तर बाहेर ऐकू येतं का?"

आठ दिवसांत त्यांनी फोनभोवती प्लायवूडची दुहेरी भिंत करून मधे आमच्याच शेतातला कापूस ठासला. मी आयटीआयमध्ये रेडिओदुरुस्ती शिकले होते. वायर ओढून मीटरचे आकडे आत, बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणले. बिलासाठी माझ्या शब्दावर कुणाला विसंबावं लागू नये, असं मला वाटत होतं.

केबिन तयार झाल्यावर आबा आत गेले. दाराच्या काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते, बराच वेळ बोलले. बाहेर येऊन म्हणाले, "काय ऐकलंस?"

"काहीच नाही. काय बोललात?"

"ते तुला कशाला? काम झालं."

रविवारी अक्का आत गेल्या त्या बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसत बाहेर आल्या. "आते मन मोकयं व्हयनं," म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा सुरतेला जाऊन बहिणीला घेऊन आला.

हे ऐकून चाळीसगावचा आणि शिंदखेड्याचा असे दोन बूथवाले केबिन बघायला आले. मी चौकटीच्या कागदावर मापं आणि वायरची जोडणी काढून झेरॉक्स दिल्या. नवरा म्हणाला, "सगळंच देऊन टाकलंस?" आबा त्या दोघांना कापूस किती ठासायचा ते दाखवू लागले.

उन्हाळ्यात मात्र पंचाईत झाली. माणसं केबिनमधून घामाने निथळत बाहेर येऊ लागली. आम्ही डोकं खाजवत असताना शिंदखेड्याहून पोस्टकार्ड आलं. त्या बूथवाल्याने छताजवळ वाकडी लाकडी नळी बसवली होती. हवा खेळायची, आवाज मात्र वळणावर अडायचा. पेन्सिलीने आकृतीही काढली होती.

आबांनी चष्मा लावून ते कार्ड कितीतरी वेळ पाहिलं. "हा सुतार नाही, पण डोकं आहे," म्हणाले आणि त्याच दुपारी करवत काढली. नळी बसल्यावर मला म्हणाले, "आपल्या कागदावर हीपण काढ आणि चाळीसगावला धाड. खाली लिही, ही सुधारणा शिंदखेड्याची."