दोन यंत्रं, एकच पत्ता

मैलूरची पवित्रा बीदरपासून कडगंचीपर्यंत ऑफिसांमधले फोन नेटवर्कला जोडून द्यायची. त्या दिवशी कमठाण्याच्या डाळमिलमध्ये मात्र जोडलेला फोन सारखा मुका पडत होता. वायरी बदलूनही काही उपयोग झाला नाही.

"अक्का, सोबत कुणी गडीमाणूस न्हाई का?" मालक श्रीपतरावांनी पुन्हा विचारलं.

"मीच हाय की," पवित्रा वैतागून म्हणाली.

इतक्यात कारकुनाने प्रिंटर चालू केला आणि फोन पुन्हा मुका पडला. तिने कपाळावर हात मारला. प्रिंटरला आणि फोन नेटवर्कला जोडणाऱ्या पेटीला एकच नेटवर्क-पत्ता दिलेला होता, त्यामुळे प्रिंटर चालू झाला की फोन बंद पडायचा. तिने पेटीचा पत्ता बदलला, तसा फोन वाजला. श्रीपतरावांनी उचलला. पलीकडून त्यांची बायको बोलत होती, "सकाळपासून फोन कामून लागंना?"

श्रीपतरावांनी रिसीव्हर पवित्राच्या हातात दिला. "तूच सांग, अक्का."