व्याह्यांच्या शिफ्टवाल्या शेळ्या

माणूस कारखान्यातून निवृत्त होतो, पण कारखाना माणसातून निवृत्त होत नाही, याचं आमच्या व्याह्यांइतकं सज्जड उदाहरण अख्ख्या पालघर जिल्ह्यात मिळायचं नाही. हे माझ्या लेकीचे सासरे. उभा जन्म बोईसरच्या एका कारखान्यात मशीनवर काढला आणि जवळच्याच पाम गावातल्या घरी परतले ते कानात भोंगा घेऊनच. चहा सकाळच्या भोंग्याला, जेवण दुपारच्या, आणि चारचा झाला की हातातलं काम जिथल्या तिथे. एकदा घरी सत्यनारायण होता. चौथा अध्याय चालू असताना भोंगा झाला, तसे हे पाटावरून उठले, हातपाय धुतले आणि ओट्यावर जाऊन बसले. पाचवा अध्याय दुसऱ्या शिफ्टने, म्हणजे माझ्या जावयाने ऐकला.

कारखान्यातला बंगालकडचा एक सोबती कायमचा गावी जाताना यांच्या पदरात दोन काळ्या, बुटक्या शेळ्या टाकून गेला. उंची माझ्या गुडघ्याएवढी, मिजास हत्तिणीची. एक चरायची आणि दुसरी तिला चरताना बघायची, म्हणून बघणारीचं नाव सुपरवायझर आणि चरणारीचं हेल्पर. दोघींना शिफ्ट लागली. चारच्या भोंग्याला व्याही म्हणायचे, "चला, सुटी," की दोघी एकीमागे एक मुकाट्याने घरात. पुढेपुढे तेवढंही म्हणावं लागेना. गावाला मात्र त्यांची उंची खुपली. काका बकऱ्यांना खायला घालत नाय, म्हणून वाढत नाय, असं पारावर बोलू लागले. स्वतःच्या ताटातली भाकरी आधी सुपरवायझरला दाखवणारा माणूस तो, त्याला हे फार लागलं. पालघरला पशुप्रदर्शन भरणार असं कळल्यावर ते माझ्याकडे आले. म्हणाले, "नंबर नको मला, विहीणबाय. डॉक्टरनी चारचौघांत सांगावं, जातच लहान हाय, उपाशी नाय. एवढंच."

शेळ्या दोन, तेव्हा धरायला माणसं दोन हवीत. जावयाला लाज वाटत होती, म्हणून त्याला रजा मिळेना. व्याह्यांच्या शब्दाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही, त्यामुळे दुसरा दोर माझ्या हातात आला. मी तेव्हाही आजीच होते, पण मान्य करत नव्हते. प्रदर्शन म्हणजे फोटो, असा हिशोब करून जरीची जांभळी साडी नेसले, अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळला आणि वर काळा चष्मा. निऱ्या सारख्या करायला जरा वाकले, तेवढ्यात गजरा सुपरवायझरच्या पोटात गेला.

नोंदणीवरच्या माणसाने दोघींना करडांच्या गटात लिहिलं. व्याही शांतपणे म्हणाले, "सायेब, ही दोनदा याली हाय. नातवंडवालीला बालवाडीत बसवता काय?" मग रिंगणात दांडग्या शेळ्यांच्या रांगेत आम्ही शेवटी उभे राहिलो. बांबूच्या कुंपणाला टेकून पामची मंडळी हसत होती. तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती. व्याह्यांनी तिला आपलं गाऱ्हाणं सांगितलं. तिने सुपरवायझरचे दात पाहिले, पोट चाचपलं आणि बोलायला म्हणून माईक हातात घेतला. नेमकी त्याच वेळी प्रमुख पाहुण्यांची गाडी सायरन वाजवत मैदानात शिरली.

झाली सुटी. हेल्पर निघाली, तिच्यामागे सुपरवायझर निघाली. बांगड्या दिसाव्यात म्हणून मी दोर मनगटाला चांगले वेढे देऊन गुंडाळला होता, त्यामुळे सुपरवायझरच्या मागे मीही निघाले. मांडव गेला, खुर्च्या गेल्या, चष्मा शेणात गेला, आणि हार घेऊन उभ्या असलेल्या बायकांमधून मी पाहुण्यांच्या आधी फाटकापाशी पोचले. कपाळाला हात लावून मागे वळून बघते तर व्याहीही पिशवी उचलून निघालेले. सायरन झाला होता ना.

माईकवर डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, "ही शेळी उपाशी आहे असं कोण म्हणतं? उपाशी जनावर एवढ्या भरदार बाईंना मैदानभर ओढत नेत नाही. जात बुटकी आहे, तब्येत उत्तम." कुंपणावरचं हसू तिथेच विरलं. भरदार हा शब्द मात्र माझ्या माहेरापर्यंत पोचला.

नंबर दांडग्यांनाच मिळाला. परतीच्या टेम्पोत व्याही दोघींना दोन बाजूंना घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "विहीणबाय, मायकवर बोलली ना ती?"

"बोलली."

"समद्यांनी आयकलं?"

मी म्हटलं, "ऐकलं. माझ्या वजनासकट ऐकलं."

ते हसले नाहीत. सुपरवायझरच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिले.

आता तो कारखाना बंद पडला आणि भोंगाही गेला. हेल्परही गेली. सुपरवायझर म्हातारी झाली आहे, तिला ऐकू येत नाही. तरी चार वाजता व्याही अंगणात येतात, तोंडाला दोन्ही हात लावतात आणि स्वतःच भोंगा देतात. पुढचे दात पडल्यामुळे आवाज थोडा आणि वाराच फार. परवा मी ओट्यावर बसून बघत होते. सुपरवायझर त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ओठांचा चंबू झालेला दिसला, तशी ती गुडघे सावरत उठली आणि घराकडे चालू लागली.